अप-डाऊन करणारा अमोनाइट

“मॅडम, तुमचा हा प्राणी उकळत्या पाण्यात राहत होता का हो?”

फोनवर डॉ. वैद्य होते. दूरच्या एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत ते मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं मशीन सांभाळतात. आम्ही गोंदियाहून त्यांच्याकडे शंखांची पावडर पाठवली होती आणि चार महिने रिझल्टची वाट बघत होतो. आणि हे गृहस्थ हसत होते. माझं डोकंच फिरलं.

“मशीन तपासा तुमचं,” मी म्हटलं.

“तपासलं. ठीक आहे.”

“मग परत तपासा,” असं म्हणून मी फोन ठेवून दिला.

मी गोंदियाच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची. आता रिटायर झाले. स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे तसंही कळणारच आहे, आणि दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

ती पावडर अमोनाइटच्या शंखांची होती. अमोनाइट हा समुद्रातला प्राणी, ऑक्टोपसचा जुना नातेवाईक. फरक इतकाच की हा अंगावर वळणावळणाचा शंख घेऊन पोहायचा. डायनोसॉर संपले त्याच सुमारास हेही संपले. देवघरातल्या शाळिग्रामात जे चक्र दिसतं ना, ते बहुतेक वेळा याचंच असतं.

गोंदियात हे काम चालतं म्हटलं की ऑटोवाल्यापासून प्रिन्सिपलपर्यंत सगळे एकच विचारायचे, “मॅडम, गोंदिया में समंदर कहाँ से आया?” आलाच नाही बाबा. आपल्याकडचे खडक या प्राण्यांच्याही फार आधीचे आहेत. शंख तामिळनाडूतले होते. माझी पीएचडीची विद्यार्थिनी रोशनी कटरे दोन उन्हाळे तिकडच्या नाल्यांमधून फिरून ते घेऊन आली होती.

रोशनी गोरेगाव तालुक्यातली. देवरीकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. पीएचडीसाठी तिला रजा मिळाली होती आणि ती रजा संपत आली होती. विद्यापीठाने एकदा मुदत वाढवून दिली होती, दुसऱ्यांदा मिळणार नव्हती. दिवाळीच्या आत थीसिस जमा झाला नाही तर रजिस्ट्रेशन रद्द, म्हणजे पाच वर्षं पाण्यात. आणि थीसिसचा सगळा डोलारा वैद्यांकडून येणाऱ्या आकड्यांवर उभा होता.

या आकड्यांमधून काय कळतं ते थोडक्यात सांगते. पाण्यात ऑक्सिजन असतो. त्यात बहुतेक हलका असतो, थोडासा जड असतो. प्राणी शंख बांधतो तेव्हा पाण्यातलाच ऑक्सिजन वापरतो. पाणी थंड असेल तर शंखात जड ऑक्सिजन जरा जास्त जातो, गरम असेल तर कमी. म्हणजे शंखातला जड-हलका मोजला की प्राणी किती गरम पाण्यात राहत होता ते कळतं. समुद्रात वरचं पाणी गरम, खोलातलं थंड. म्हणून तापमानावरून तो वर राहायचा की खाली, हेही सांगता येतं.

त्यात अमोनाइटची एक सोय आहे. त्याचा शंख तोंडाकडून वाढत जातो. अगदी आतलं वेटोळं त्याच्या बाळपणीचं, बाहेरचं म्हातारपणीचं. आतून बाहेर थोड्याथोड्या अंतरावर बारीक ड्रिलने चिमूटभर पावडर काढत गेलं की एका प्राण्याचं अख्खं आयुष्य हातात येतं. रोशनीचा प्रश्न साधा होता. हे प्राणी लहानपणी कुठे राहायचे आणि मोठे झाल्यावर कुठे?

आठ दिवसांनी वैद्यांचा मेल आला. त्यांनी सगळे नमुने परत मोजले होते. आकडे तेच. खाली एक ओळ होती, “मशीन अजूनही ठीक आहे.”

नाचता येईना अंगण वाकडं, असं ते मला स्पष्ट म्हणाले नाहीत. सभ्य माणूस!

मग मी आणि रोशनी आकडे घेऊन बसलो. बसलो आणि अजूनच गोंधळलो. निम्मे आकडे अगदी शहाण्यासारखे होते, उबदार समुद्र, जसा हवा तसा. बाकीच्यांचा हिशेब केला तर पाणी अंघोळीच्या पाण्यापेक्षा गरम निघत होतं. बरं, एक शंख गरम आणि एक थंड असं असतं तरी समजलं असतं. इथे एकाच शंखात पहिलं भोक ठीक, दुसरं ठीक, तिसरं उकळतं, चौथं पुन्हा ठीक.

“लेबलं बदलली असतील,” मी म्हटलं.

“नाही जी मॅडम. मी एकेक कुपी रजिस्टरशी लावून पाहिली.”

“परत पाहा.”

तिने परत पाहिली. लेबलं बरोबर होती.

“मग शंख जमिनीत मुरला असेल.” कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पडलेल्या शंखातून पाणी झिरपतं. मूळचा पदार्थ जातो आणि त्याजागी दुसरा येतो. दिसायला शंखच, पण आतला माल नवा. असं झालं की आकडे खोटे येतात. पण रोशनीने ड्रिल करण्याआधीच प्रत्येक शंखाचा एक कपचा काढून हे तपासलं होतं. सगळे कपचे मूळ शंखाचेच होते. मी स्वतः मायक्रोस्कोपखाली पाहिले होते.

मी खुर्चीत डोकं धरून बसले. रोशनी मात्र खिडकीशी उभी राहून विचार करत होती. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, “मॅडम, गरम पाणी नसंल आणि गोडं पाणी असंल त?”

हे मात्र शक्य होतं. पावसाच्या आणि नदीच्या पाण्यात हलका ऑक्सिजन जास्त असतो. नदीत बांधलेला शंख मोजला तर तोही ‘गरम’ दिसतो. म्हणजे तिचं म्हणणं असं की अमोनाइट अधूनमधून नदीच्या मुखात शिरत असतील.

माझ्या अंगावर काटाच आला. ऑक्टोपस, स्क्विड, हे सगळं खानदान पक्कं खारट. आजपर्यंत यांच्यातला एकही नदीत राहताना कोणाला सापडलेला नाही. आम्हाला सापडला असता तर जगभर नाव झालं असतं. गोंदियाचं!

दोन आठवडे आम्ही हवेत होतो. रोशनीने ‘नदीमुखातील अमोनाइट’ असं प्रकरणाचं नावसुद्धा टाईप करून टाकलं. पण मला झोप येईना. ते एक शहाणं भोक आणि एक वेडं भोक डोक्यातून जात नव्हतं. शेवटी एक दिवस मी तिला म्हटलंच, “अगं, हा प्राणी काय आपल्या मास्तरांसारखा अप-डाऊन करत होता? सकाळी समुद्र, संध्याकाळी नदी?”

आमच्याकडे निम्मे शिक्षक राहतात गोंदियात आणि नोकरी करतात कोहमाऱ्याच्या पलीकडे. रोशनीचं सगळं स्टाफरूम तसंच. ती हसली, पण तिचा चेहरा उतरला. तिलाही ते खटकतच होतं.

मी नाक मुठीत धरून वैद्यांना फोन लावला.

“कार्बनचे आकडे पाहिलेत का?” त्यांनी विचारलं.

नव्हते पाहिले. मशीन ऑक्सिजनसोबत कार्बनचाही जड-हलका देतं. आम्ही ऑक्सिजनच्या नादात त्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं.

“दोन्ही एका ग्राफवर टाका,” ते म्हणाले. “मग बोलू.”

टाकले. सगळे ठिपके एका सरळ रेषेवर. एका टोकाला शहाणे आकडे, तिथून निघालेली रेष खाली, खाली, पार कुठल्या कुठे. जिथे ऑक्सिजन हलका तिथे कार्बनही तितकाच हलका. निसर्गात इतकी सरळ रेष सहसा मिळत नाही. दुधात पाणी घालत गेलं की मिळते.

“भेसळ आहे,” वैद्य म्हणाले. “शंखात दुसरं काहीतरी मिसळलंय. आणि इतका हलका कार्बन मी एकाच गोष्टीत पाहिलाय. जुन्या इमारतींच्या गिलाव्यात. चुना भाजला की त्याच्यातला मूळचा वायू उडून जातो. मग लावल्यावर तो हवेतला वायू ओढून घेतो आणि परत दगड होतो. त्याचे आकडे असे येतात. तुमच्या शंखांवर काही ट्रीटमेंट केली होती का?”

“छे! काहीच नाही.”

“हो, फॉर्मवर तसंच लिहिलंय. सही तुमची आहे.”

ते शांतपणेच बोलले. फॉर्ममधला तो रकाना मी भरला होता हे खरं. कोणाला विचारून भरला होता? कोणालाच नाही.

आमच्या डिपार्टमेंटमध्ये शंख साफ करायचं काम तुळशीरामभाऊ करायचे. नाव लॅब अटेंडंट, पण काम कारागिराचं. खडकात अडकलेला शंख सुईने दाणा-दाणा टोकरून मोकळा करायचा, तोही न तुटता. मोठमोठ्या शहरांत यासाठी वेगळे ट्रेनिंग घेतलेले लोक असतात. आमच्याकडे तुळशीरामभाऊ होते, आणि त्यांच्या हातून कधी शंख फुटला नाही. केशोरीकडचे राहणारे. घरी धानाची थोडी शेती, आणि गावाजवळ मोठा तलाव.

मी त्यांच्या खोलीत गेले. रोशनी मागोमाग. तिथे बी.एस्सी.ची तीन-चार पोरंही प्रॅक्टिकलचे दगड जमा करत होती.

“तुळशीरामभाऊ, रोशनीच्या शंखांना तुम्ही काही लावलं होतं का?”

“हो जी,” ते आनंदाने म्हणाले. म्हणजे अखेर कोणीतरी विचारलं म्हणून आनंद! “फुटून राहिले होते ना ते. भेगाच भेगा. हात लावला की कपचा निंगे. मग भरल्या मी भेगा.”

“कशाने भरल्या?”

त्यांनी ड्रॉवर उघडून एक पत्र्याची डबी काढली. झाकण उघडून माझ्यापुढे धरली. आत पांढराशुभ्र चुना होता.

“शिंपल्याचा आहे जी. घरचा. तलावातले शिंपले आमी गोवऱ्यात भाजतो, त्याचा. बजारचा नाही लावलो. त्यात त्याच दगडाची भुकटी मिसळलो, रंग एक व्हावा म्हनून. मंग गारगोटीनं घोटलो.” आणि अगदी अभिमानाने पुढे म्हणाले, “शिंपल्याले शिंपलंच लावलो, मॅडम.”

त्यानंतर मी जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. पाच वर्षं वाया घालवलीत म्हटलं. पोरीचं वाटोळं केलंत म्हटलं. शेवटी म्हटलं, “अक्कल गहाण ठेवली होती का तुम्ही?” तेही पोरांसमोर.

तुळशीरामभाऊंनी ऐकून घेतलं. डबीचं झाकण लावलं. कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, पिशवी घेतली आणि गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा रजेचा अर्ज आला. किती दिवसांचा ते लिहिलंच नव्हतं.

मला वाटत होतं रोशनी रडेल. रडायचा हक्क होता तिचा. पण ती माझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, काऊन बोलल्या तुमी त्याहिले? तुमीच त सांगतलं होतं.”

“मी? काय सांगितलं मी?”

“मी तिथंच होती ना. तुमी म्हटलं, ‘एकही शंख तुटला तर याद राखा. आणि फेव्हिकॉल, ॲराल्डाइट, कोणतंही केमिकल लावायचं नाही. सगळं नैसर्गिक पाहिजे.’”

आठवलं. शब्दन्शब्द आठवला. शंख तुटू द्यायचा नाही आणि काही लावायचंही नाही, असा दुहेरी हुकूम सोडून मी मीटिंगला निघून गेले होते. रोशनी रजेवर असूनही शाळेने तिला परीक्षेच्या ड्यूटीला बोलावून घेतलं होतं. मागे राहिले तुळशीरामभाऊ आणि कपच्याकपच्याने सुटणारे शंख. त्यांच्या घरात मडक्याची चीर असो की भिंतीचं भोक, शिंपल्याचाच चुना लागतो. याच्याहून नैसर्गिक त्यांनी आणखी काय आणायचं होतं?

काखेत कळसा आणि गावाला वळसा! वैद्यांशी भांडले, लेबलं उलटीपालटी केली, नदी शोधून काढली. आणि उत्तर दोन खोल्या सोडून ड्रॉवरमध्ये डबीत होतं.

पण उत्तर मिळून भागणार नव्हतं. कोणती पावडर शंखाची आणि कोणती चुन्याची, हे वेगळं केल्याशिवाय थीसिस उभा राहत नव्हता. आम्ही दोघींनी शंख भिंगाखाली धरले. काही कळेना. भेग कुठे सुरू होते, कुठे संपते, दिसेचना. तुळशीरामभाऊंनी रंग असा जुळवला होता आणि घोटाई अशी केली होती की बोटालाही सांधा लागत नव्हता. आमच्याकडे एक रंगद्रव आहे. मूळ शंखावर टाकलं की काळं पडतं, चुन्यावर पांढरंच राहतं. पण ते जिथे पडेल ती जागा पुढच्या तपासणीसाठी बाद होते. अख्ख्या शंखांवर ओतलं असतं तर उरलंसुरलंही गेलं असतं. दिवाळीला सात आठवडे होते.

“त्याहिलेच माहीत आहे,” रोशनी म्हणाली. “बाकी कोनालेच नाही.”

शनिवारी सकाळी आम्ही बसने निघालो. कोहमाऱ्याला बस बदलली. रस्त्याने मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. वर्गात दीडशे पोरांसमोर कधी शब्दाला अडखळले नाही, पण त्या दिवशी एक वाक्य धड जुळेना.

घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात एका बाजूला गोवऱ्यांचा थर होता आणि त्यावर तलावातले शिंपले वाळत घातले होते. तुळशीरामभाऊंची बायको शेवंताबाई दारात बसून तांदूळ निवडत होती. मला कधी पाहिलं नव्हतं तरी तिने बरोबर ओळखलं.

“तुमीच का त्या मॅडम?” ती उठली नाही. “आता कायले आल्या? आनखी काही बोलाचं राहिलं का?”

“माफी मागायला आले,” मी म्हटलं. बसमध्ये जुळवलेलं सगळं विसरून गेले होते.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग आत वळून हाक मारली, “आवो, या जी बाहीर. तुमची सायबीन आली.”

तुळशीरामभाऊ बाहेर आले. खाट टाकली, पाणी दिलं. घरी आलेल्याला पाणी द्यायचं, त्यात राग मधे आणायचा नाही, इतकं ते माझ्यापेक्षा बरं जाणत होते. शेवटी मीच म्हटलं, “भाऊ, मी त्या दिवशी चुकले.”

“मॅडम, मले एकच सांगा. चूक माही होती का तुमची?”

रोशनी माझ्याकडे बघत होती, शेवंताबाईचा हातही सुपावर थांबला होता.

“माझी,” मी म्हटलं. “हुकूम माझा होता. तुम्ही काय केलं ते मी विचारलं नाही. फॉर्मवर न विचारता सही केली. सगळं माझंच.”

“मंग पोरायसमोर अक्कल काढली ते?”

“तेही.”

त्यांनी मान हलवली. मग ते म्हणाले, “पन चुन्यानं बिघडलं काय, ते त सांगा. शिंपलं आनि शिंपलं, एकच चीज होय ना?”

मी समोरच्याच शिंपल्यांकडे बोट दाखवून सांगितलं. भाजलं की आतला वायू उडतो. भेगेत भरलं की हवेतला ओढून घेतो. आम्हाला शंखातून मोजायचं होतं ते त्या जुन्या समुद्राचं पाणी.

“म्हंजे जुन्या समुद्रात मी आजची हवा भरून देल्लो,” ते म्हणाले. “अररर!”

माझ्या एम.एस्सी.च्या पोरांना हे समजावायला दोन तास लागायचे.

“भाऊ, कुठेकुठे भरलंय ते दाखवता येईल का?” रोशनीने विचारलं. “डोळ्याले त दिसून नाही राहिलं.”

“डोळ्याले काऊन दिसंल? दिसू नये म्हनून त घोटलो. पन जिभेले समजते. शंख गुळगुळीत लागते, चुना जिभेले चिपकते. जलमभर तंबाखू-चुन्याचा खर्रा खाल्ला बाई, मले चुना समजनार नाही का?”

जिभेने दगड तपासायचा हा प्रकार भूगर्भशास्त्रात जुनाच आहे. मीच दरवर्षी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवायची. मला सुचला नाही, एवढंच.

सोमवारी तुळशीरामभाऊ कामावर आले. आधी मी त्या बी.एस्सी.च्या पोरांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर सांगितलं की त्या दिवशी चूक माझी होती. पोरं खाली बघून हसत होती. हसोत. तुळशीरामभाऊ म्हणाले, “झालं जी आता, कामाले लागा.”

मग रोशनीने एक शहाणपणाची गोष्ट केली. त्यांना आकड्यांचा कागद दाखवलाच नाही. कोणतं भोक शहाणं, कोणतं वेडं, हे त्यांना अजिबात ठाऊक नव्हतं. त्यांनी फक्त जिभेचं टोक लावत जायचं आणि चुना लागेल तिथे पेन्सिलने खूण करायची. एक-एक शंख धुवायचा, चाटायचा, खूण करायची. तीन दिवस चाललं. प्रिन्सिपल एकदा डोकावले, बघितलं, आणि काही न विचारता निघून गेले.

चौथ्या दिवशी आम्ही खुणा आणि आकडे समोरासमोर ठेवले. जवळजवळ प्रत्येक वेडं भोक त्यांच्या पेन्सिलीच्या आत होतं. खात्रीसाठी खुणेतल्या जागांवर रंगद्रव टाकलं. सगळ्या पांढऱ्या राहिल्या. चुन्यातली भोकं बाद केली आणि उरलेल्यांचा ग्राफ काढला. गोष्ट साधीसरळ निघाली. लहानपणी वरच्या गरम पाण्यात, मोठे झाल्यावर खालच्या थंड पाण्यात. नदी नाही, जगभर नाव नाही. पण थीसिसपुरतं भक्कम होतं. रोशनीने ‘नदीमुखातील अमोनाइट’ खोडलं तेव्हा तिचे डोळे भरून आले, पण ती लगेच टायपिंगला बसली.

एकच भानगड उरली. सगळ्यात मोठ्या शंखाच्या मधल्या वेटोळ्यात एक भोक होतं. आकडा वेडा, आणि पेन्सिलीची खूण नाही.

“इथे राहिलं असेल तुमच्या हातून,” मी म्हटलं.

“नाही जी. इथं भेगच नव्हती. चुना कायले लावीन?”

“आठवत नसेल.”

“लावलो असतो त सांगतलो असतो.”

रंगद्रव टाकलं. भोकाची कड काळीभोर झाली. म्हणजे शंख मूळचाच. मग आकडा असा का? मला कळेना. रोशनीला कळेना. वैद्यांनी तीन शक्यता सांगितल्या आणि शेवटी तेही म्हणाले, काही कळत नाही.

“काढून टाक ते,” मी रोशनीला म्हटलं. “इतकी काढली, त्यात आणखी एक. परीक्षक यावरच बोट ठेवतील आणि तू अडकशील. तुझी मुदत संपत आलीये.”

“नाही मॅडम.”

“अगं, ऐक जरा.”

“बाकीची चुना होता म्हनून काढली. इथं चुना नाही. भाऊ नाही म्हनतात, रंग नाही म्हनते. मंग कोन्त्या कारनानं काढू? आपल्याले आवडत नाही म्हनून?”

माझ्याच विद्यार्थिनीने मलाच सुनावलं. मी चिडले, दोन दिवस बोलले नाही. तिने ते भोक ठेवलं, आणि खाली स्वच्छ लिहिलं, ‘या आकड्याचं कारण समजलेलं नाही.’ थीसिस मुदतीच्या चार दिवस आधी जमा झाला.

व्हायवा उन्हाळ्यात झाला. व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक प्रश्न विचारतात आणि तिथेच निकाल लागतो. आमचे परीक्षक कडक होते. थीसिसमध्ये जागोजागी कागदाच्या पट्ट्या घालून आले होते. अर्धा तास ठीक गेला. मग त्यांनी चष्मा काढला.

“तुम्ही निम्मे आकडे काढून टाकले,” ते म्हणाले. “जे जमतात ते ठेवायचे, जमत नाहीत ते चुन्याचे म्हणायचे. हे फार सोयीचं आहे. मी का विश्वास ठेवू?”

गाईडने मधे बोलायचं नसतं.

“चुना कुठं आहे ते आमच्या तुळशीरामभाऊंनी दाखवलं, सर,” रोशनी म्हणाली. “चुना त्यांनीच लावला होता. त्यांना आकडे दाखवले नव्हते. नंतर आम्ही रंगद्रवाने पण तपासलं.”

“असं तुम्ही म्हणता.”

“सर, मला सोयीचंच करायचं असतं तर मोठ्या शंखातलं मधलं भोक मी ठेवलं नसतं.”

परीक्षकांनी पानं उलटली. त्या पानावर पट्टी नव्हती. तो ठिपका शोधला, खालची ओळ वाचली, परत वाचली.

“हा कशामुळे असेल?”

“माहीत नाही, सर.”

“तुमच्या गाईडने काढायला सांगितला नाही?”

रोशनीने माझ्याकडे पाहिलं नाही. मीच मान खाली घालून म्हटलं, “सांगितला होता.”

ते पहिल्यांदा हसले. थीसिस मिटला आणि म्हणाले, “हा एक ठिपका आहे म्हणून मी बाकीच्यांवर विश्वास ठेवतो.” डिग्री द्यावी असं त्यांनी तिथेच लिहून दिलं.

डॉ. रोशनी कटरे आता परत देवरीकडे शाळेत शिकवते. त्या ठिपक्याचा अर्थ ना तिला लागला, ना मला, ना वैद्यांना. मी मात्र या सगळ्यातून एवढंच शिकले. नमुन्याला काय झालं हे मशीनला विचारण्याआधी ज्याने तो हाताळला त्या माणसाला विचारावं. आणि आपल्याला नको असलेला आकडा खोडायला हात शिवशिवले की पेन विद्यार्थ्याच्या हातात देऊन आपण बाहेर चहा प्यायला जावं.